आवाज बारीक येतोय? आधी यंत्र तपासा, मग बाईला सांगा



आजचं बोलणं जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. शिलाई मशीनचा टाका सैल पडायला लागला, तर आपण कापडाला दोष देत नाही. दोरा नीट ओवलाय का, बॉबिन बसलंय का, ताण किती आहे, हे एकेक करून बघतो. घरी रेकॉर्डिंग करताना आवाज बारीक आला, तर अगदी हेच करायचं असतं. आम्ही पहिल्या वेळी ते केलं नाही. काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते लक्षात राहील.

आम्ही सहाजणी आहोत. आमच्यातल्या एकीच्या घरी मागच्या खोलीत आम्ही सामुदायिक रेडिओसाठी कार्यक्रम रेकॉर्ड करतो. सामान थोडंच आहे: एक जुना लॅपटॉप, कानाला लावायचा हेडफोन, भजनी मंडळाकडून आणलेला एक माइक आणि एक ऑडिओ इंटरफेस. इंटरफेस म्हणजे डब्याएवढं एक यंत्र. माइकमधून अगदी क्षीण वीज निघते. ती हे यंत्र मोठी करतं, तिचे आकडे बनवतं आणि यूएसबीच्या वायरीतून संगणकाला देतं. आम्ही त्याला सरळ ‘डबा’च म्हणतो, आजही तसंच म्हणू.

मागल्या श्रावणात आम्ही गावातल्या एका आजींना जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावलं. आजींचं वय ऐंशीच्या पुढचं. त्या खुर्चीत बसल्या, समोर टेबलावर माइक, बाजूला टेबलफॅन. ओवी सुरू झाली आणि लॅपटॉपवरची रेघ जागची हलेना. आम्ही डब्यावरचं गोल बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी हेडफोनमध्ये आवाज आला तो विहिरीच्या तळातून यावा तसा. मग आम्ही म्हणालो, “आजी, जरा मोठ्यानं म्हणा ना.”

आजींनी आवाज चढवला. पुन्हा आम्ही म्हणालो, “अजून थोडं मोठ्यानं.” तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला, ठसका लागला. पाण्याचा घोट घेऊन त्या उठल्या आणि म्हणाल्या, “पोरींनो, माझा गळाच गेलाय आता. दुसरी कुणी बघा.”

त्या गेल्या. संध्याकाळी आम्ही वायर उलटून पालटून पाहिली, तेव्हा कळलं की चूक आजींच्या गळ्यात नव्हती. आमची वायर चुकीची होती.

म्हणून आज पहिली गोष्ट ही सांगायची आहे. रेकॉर्डिंगमध्ये आवाज बारीक येण्याची सात-आठ कारणं असतात आणि त्यातली बहुतेक वायर, बटणं आणि अंतर यांची असतात. माणसाचा आवाज लहान आहे, हे कारण सगळ्यात शेवटी धरायचं. बायकांना आयुष्यभर एक तर हळू बोल म्हणतात, नाही तर ऐकू येत नाही म्हणतात. माइकसमोर तरी तिसऱ्यांदा तेच ऐकायला लागू नये.

आवाज खरंच बारीक आहे का?

तपासणी इथून सुरू करायची. पुष्कळदा आवाज ठीक असतो आणि आपण घाबरतो.

रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये एक मीटर असतो. आवाज आला की त्याची पट्टी हिरवी, पिवळी होत पुढे सरकते. त्यावरचे आकडे डेसिबलमध्ये असतात आणि ते उलटे असतात. सगळ्यात वरची मर्यादा शून्य, तिच्याखाली उणे ६, उणे १२, उणे १८ असं उतरत जातं. शून्याला आवाज टेकला की तो फाटतो. म्हणून बोलण्याचा सगळ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ यांच्या मध्ये येईल असं बघायचं. बाकीचं बोलणं त्याच्या खाली, उणे १८-२० च्या आसपास राहिलं तरी चालतं.

डेसिबलचा हिशेब थोडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ६ डेसिबल वाढले की आवाजाची लाट दुप्पट होते. २० वाढले की दहापट. ६० वाढले की हजारपट.

आता पडद्यावरच्या लाटेच्या चित्राकडे बघा. उणे १२ ला पोचणारा आवाज चित्रात पूर्ण उंचीच्या फक्त एक चतुर्थांश दिसतो. उणे २० चा तर एक दशांशच. चित्र बारीक दिसलं की नवीन बाई घाबरते आणि बटण फिरवत सुटते. चित्रावर जाऊ नका, मीटरवर जा. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट असा पर्याय असेल, तर तो निवडा. मग मोठे शब्द उणे २० ला राहिले तरी रेकॉर्डिंग चांगलं असतं, नंतर सुखानं मोठं करता येतं. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही, तसंच आहे हे.

आणखी एक फसगत हेडफोनची. डब्यावर दोन-तीन गोल बटणं असतात. एकावर ‘गेन’ लिहिलेलं असतं, ते रेकॉर्डिंगचं. दुसऱ्यावर हेडफोनचं चित्र असतं, ते फक्त आपल्या कानासाठी. हेडफोनचं बटण कमी असेल, तर रेकॉर्डिंग चांगलं होत असतानाही आपल्याला बारीक ऐकू येतं. ते पूर्ण वर असेल, तर बारीक रेकॉर्डिंगही दणदणीत वाटतं. म्हणून कान आणि मीटर दोन्ही वापरा, पण पातळीच्या बाबतीत शब्द मीटरचा.

मीटरवर मोठे शब्दसुद्धा उणे ३०-४० च्या वर जात नसतील, तर आवाज खरंच बारीक आहे. आता तोंडापासून लॅपटॉपपर्यंत एकेक टप्पा तपासत जाऊ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मीटर बघायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर दुरुस्त कशानं झालं ते कळत नाही.

तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं उतरते, म्हणजे निम्मी होते. चार बोटांच्या अंतरावरून बोलणारी बाई हातभर मागे सरली, तर आवाजाची लाट साधारण एक षष्ठांश राहते. एवढं नुकसान भरून काढायला तिला जवळजवळ ओरडावंच लागेल. आजी आमच्या माइकपासून हातभर लांबच बसल्या होत्या. खुर्ची पुढे घ्यायचं आम्हाला सुचलं नाही, आवाज वाढवायला सांगायचं तेवढं सुचलं.

हातात धरायच्या गाण्याच्या माइकला चार बोटांचं अंतर चांगलं. स्टँडवरच्या मोठ्या कंडेन्सर माइकला एक वीत पुरते. अगदी ओठांना माइक लावला तर आवाज घुमतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फट् असा आवाज येतो. त्यासाठी माइक तोंडाच्या किंचित बाजूला ठेवायचा, म्हणजे श्वास शेजारून जातो आणि आवाज माइकमध्ये येतो.

माइकचं तोंड कुठलं, हेही बघा. हातातल्या माइकमध्ये टोकाच्या जाळीकडून बोलायचं असतं. स्टँडवर उभ्या राहणाऱ्या बऱ्याच कंडेन्सर माइकमध्ये मात्र टोकाकडून नाही, अंगाकडून बोलायचं असतं. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह असतं, ती बहुधा पुढची बाजू. आपण पाठीमागून बोललो, तर माइक मुद्दामच कमी ऐकतो, कारण मागचा आवाज टाळण्यासाठीच तो तसा बनवलेला असतो.

अंतराचा दुसरा फायदा मोठा आहे. गेनचं बटण फिरवलं की बाईचा आवाज वाढतो आणि पंख्याचा, फ्रिजचा, बाहेरच्या ट्रॅक्टरचाही तेवढाच वाढतो. भिंग धरलं की तांदूळ मोठा दिसतो, तसा खडाही मोठा दिसतो. बाई जवळ आली की मात्र फक्त तिचाच आवाज वाढतो, पंखा होता तिथंच राहतो. म्हणून आमच्या खोलीत आता ‘मोठ्यानं बोला’ हे वाक्य बंद आहे. त्याऐवजी आम्ही म्हणतो, ‘जवळ या.’

माइक कुठल्या जातीचा आहे?

घरगुती रेकॉर्डिंगमध्ये मुख्यतः दोन जातींचे माइक येतात. भजनात, सभेत दिसतो तो बहुधा डायनॅमिक माइक. त्याला बाहेरून वीज लागत नाही. दणकट असतो, पण त्याचा आवाज मुळात क्षीण असतो. दुसरा कंडेन्सर. तो नाजूक, पण चांगला बोलका. त्याला ४८ व्होल्टची वीज लागते. ती डब्यातूनच माइकच्या वायरीनं जाते, तिला फँटम पॉवर म्हणतात.

कंडेन्सर माइक लावलाय आणि आवाज नाही किंवा नावापुरताच आहे, तर डब्यावर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण बघा. ते दाबून दिवा लागला पाहिजे. दाबण्याआधी गेन आणि हेडफोन दोन्ही शून्यावर आणा, नाही तर कानात धाडकन आवाज होतो. वायर काढतानाही आधी ते बटण बंद करा, थोडं थांबा, मग काढा.

शर्टाला लावायचा छोटा मोबाइलचा माइक पुष्कळजणी डब्याला लावून बघतात. त्यालाही वीज लागते, पण अगदी थोडी, मोबाइल देतो तेवढीच. साधी पिन बदलून तो डब्याला लावला, तर आवाज येत नाही किंवा फार बारीक येतो. त्यासाठी वीज कमी करून देणारा खास अडॅप्टर मिळतो. तो नसेल तर तो माइक मोबाइललाच लावावा, तिथं तो छान चालतो.

वायर आणि तिचं भोक

इथंच आमचा घोटाळा होता. तो नीट समजून घ्या, कारण भजनी मंडळाचं सामान घेऊन रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या प्रत्येकीला तो भेटणार आहे.

माइकच्या बुडाला तीन पिना असतात. त्याला एक्सएलआर म्हणतात. मंडळाच्या वायरीचं एक टोक या तीन पिनांत बसत होतं, दुसऱ्या टोकाला जाडसर लांब जॅक होता, अँप्लिफायरमध्ये खुपसतात तसा. डब्यावरचं भोकही असं असतं की त्यात दोन्ही बसतात: कडेची तीन भोकं एक्सएलआरसाठी आणि मधलं गोल भोक जॅकसाठी. जॅक मजेत आत गेला. आम्हाला वाटलं, बसला म्हणजे बरोबरच आहे.

पण बाहेरून एक दिसणाऱ्या त्या भोकात दोन वेगळ्या वाटा आहेत. तीन पिना लावल्या की वीज माइकच्या वाटेनं जाते आणि तिथं ती खूप मोठी केली जाते. मधल्या भोकात जॅक घातला की ती लाइनच्या किंवा गिटारच्या वाटेनं जाते. लाइनची वाट कीबोर्ड, मिक्सर अशा सामानासाठी असते. त्यांच्याकडून येणारी वीज साधारण एक व्होल्टच्या घरात असते. माइकची वीज मिलिव्होल्टच्या घरात, म्हणजे हजाराव्या हिश्श्यात. मोठ्या सामानासाठी केलेल्या वाटेवर आम्ही आजींचा आवाज पाठवला होता. गेन शेवटपर्यंत फिरवूनही तो वर का आला नाही, याचं उत्तर एवढंच होतं.

उपाय सोपा आहे. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर आणायची, काहीशे रुपयांत मिळते. दुसऱ्या दिवशी आम्ही ती आणली. तोच माइक, तीच खोली, तोच डबा. गेन पाऊणपेक्षा कमी आणि साध्या बोलण्याचे मोठे शब्द उणे १२ ला. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आनंद झालाच, पण आदल्या दिवशीचा आजींचा ठसका आठवला.

वायर योग्य असूनही आवाज पातळ, बारीक येत असेल आणि खरखर होत असेल, तर आतली एखादी तार तुटलेली असू शकते. वायर हलवून बघा. दुसरी वायर लावून बघा. एक जादा वायर घरात असणं हा रेकॉर्डिंगमधला सगळ्यात स्वस्त विमा.

डब्यावरची बटणं

गेन पहिलं. सगळ्या तारा लावून, माइक जागेवर ठेवून, बाईला बोलतं करून मग गेन हळूहळू वाढवायचा. “एक, दोन, तीन म्हणा” असं सांगितलं तर माणूस दबक्या आवाजात म्हणतो. त्यापेक्षा सकाळी काय स्वयंपाक केला ते विचारा. बोलणं रंगात आलं, हसू आलं, की खरी पातळी कळते. ओवी असेल तर सगळ्यात चढी ओवी म्हणायला सांगा आणि त्यावर गेन बेतून घ्या. माणसं भीती गेल्यावर मोठ्यानं बोलतात, म्हणून थोडी जागा वर मोकळी ठेवा.

‘पॅड’ नावाचं बटण काही डब्यांवर आणि काही माइकवर असतं. ते आवाज मुद्दाम १० किंवा २० डेसिबलनं कमी करतं. ढोल-ताशासाठी ते बरं, बोलण्यासाठी बंदच हवं. कोणाचा तरी हात लागून ते दाबलं जातं आणि आठवडाभर कळत नाही. ‘इन्स्ट’ असं लिहिलेलं बटण गिटारसाठी असतं, तेही माइकला बंद ठेवा. दोन भोकांचा डबा असेल, तर माइक एक नंबरला लावून गेन दोन नंबरचा फिरवत नाही ना, हेही बघा. हसू नका, आम्ही हेही केलंय.

डब्याला वीज लॅपटॉपकडून मिळते. एकाच यूएसबीच्या पट्टीवर डबा, माउस, पेनड्राइव्ह असं सगळं लावलं, तर वीज कमी पडून डबा नीट चालत नाही. तो सरळ लॅपटॉपलाच लावा.

लॅपटॉप कुणाचं ऐकतोय?

सगळं बरोबर आहे, तरी आवाज लांबून आल्यासारखा, भांड्यात बोलल्यासारखा येतो? मग लॅपटॉप बहुतेक स्वतःच्याच माइकनं ऐकतोय. ओळखायची युक्ती सांगतो. रेकॉर्डिंग चालू करा आणि लॅपटॉपच्या कडेवर नखानं हळूच खरवडा. मग माइकच्या जाळीवर तसंच करा. लॅपटॉपवर खरवडल्यावर मीटर उड्या मारत असेल आणि माइकवर गप्प राहत असेल, तर चोर सापडला. माइकमध्ये फुंकर मात्र मारू नका, वाफेनं आणि वाऱ्याच्या धक्क्यानं नाजूक माइक बिघडतो.

ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंगसाठी कुठलं यंत्र घ्यायचं, ते निवडता येतं. तिथं डब्याचं नाव निवडा. विंडोजच्या सेटिंगमध्ये साउंड, मग इनपुट इथं गेलं की एक सरकती पट्टी दिसते. ती खाली ओढलेली असेल तर वर करा. काही डब्यांवर ही पट्टी चालते, काहींवर नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत. प्रोग्रॅममधलीही रेकॉर्डिंगची पट्टी पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त फक्त डब्यावरच्या गेननं करा. एकाच चुलीला दोघींनी जाळ घातला की भाकरी करपते किंवा कच्ची राहते.

शेवटचा घोटाळा मोनो आणि स्टिरिओचा. दोन भोकांच्या डब्यावर स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं, की एक नंबरचा माइक डाव्या कानात आणि उजव्यात शांतता. मग ते एकत्र करून मोनो केलं, की दोन्हींची सरासरी होते आणि आवाज ६ डेसिबलनं उतरतो. एकच माइक असेल तर सुरुवातीपासून मोनो रेकॉर्ड करा. स्टिरिओ झालंच असेल, तर दोन्ही बाजू वेगळ्या करा, उजवी रिकामी बाजू काढून टाका आणि डावी तेवढी ठेवा.

हे सगळं करूनही बारीकच?

मग माइक आणि डब्याची जोडी जमत नसेल. काही डायनॅमिक माइक मुळातच फार क्षीण असतात. पॉडकास्टवाल्यांच्या व्हिडिओत दिसणारा शुअर कंपनीचा एसएम७बी हा प्रसिद्ध माइक त्यातलाच. त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. लहान डब्यांचा गेन पुष्कळदा ५०-५५ च्या आसपास संपतो आणि शेवटच्या टोकाला सूं असा आवाजही येतो. अशा वेळी माइक आणि डबा यांच्या मध्ये लावायचा एक छोटा बूस्टर मिळतो. तो फँटम पॉवरवर चालतो आणि वीस-पंचवीस डेसिबलची भर घालतो. तो डायनॅमिक माइकलाच लावायचा, कंडेन्सरला नाही. पण हा खर्च करण्याआधी माइकपासूनचं अंतर निम्मं करून बघा. ६ डेसिबल तिथंच फुकट मिळतात.

नव्यानं माइक घेणाऱ्या मैत्रिणींना आम्ही एवढंच सांगू: व्हिडिओत दिसतो म्हणून महागडा माइक घेऊ नका. आपल्याकडे जो डबा आहे त्याचा गेन किती, ते दुकानदाराला विचारा. खोली गजबजलेली असेल, तर साधा डायनॅमिक जवळ धरून वापरा. खोली शांत असेल, तरच कंडेन्सर घ्या.

आजींकडे पुन्हा

नवीन वायर आली त्याच आठवड्यात आम्ही आजींच्या घरी गेलो. त्यांना आमच्याकडे बोलावलं नाही, डबा घेऊन आम्हीच गेलो. पंखा बंद केला, दारावर जाड गोधडी टाकली, आजींना त्यांच्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसवलं आणि माइक चार बोटांवर धरला. आम्ही म्हणालो, “आजी, त्या दिवशी तुमचा गळा गेला नव्हता. आमची वायर चुकली होती.”

आजी म्हणाल्या, “मंग तवाच का न्हाई सांगितलं? मी चार दिस गूळ-हळद घेतलीया.”

मग त्या म्हणायला लागल्या. पहाटे घरातली माणसं झोपलेली असताना बाई जात्यावर जशी म्हणेल, तशी हलक्या आवाजात. मीटर उणे १५ ला सुरेख हलत होता. आजींची ओवी मुळात मोठ्यानं म्हणायची नव्हतीच. आम्ही त्या दिवशी आजींना चढ्या आवाजात म्हणायला लावली, ती त्यांची ओवी राहिलीच नव्हती.

एक गोष्ट मात्र हातची गेली. पहिल्या दिवशी आजींनी भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बहिणीची एक ओवी म्हटली होती. दुसऱ्या खेपेला ती त्यांना काही केल्या आठवेना. ती आता फक्त त्या पहिल्या बारीक रेकॉर्डिंगमध्ये आहे. आम्ही ती मोठी करून पाहिली. जवळजवळ तीस डेसिबल वाढवावं लागलं आणि टेबलफॅनही तेवढाच मोठा झाला. घरघर कमी करणारी सोय प्रोग्रॅममध्ये असते, पण ती जास्त वापरली की घरघर जाते आणि आवाजाचा जीवही जातो. आम्ही ती बेतानंच वापरली. शब्द कळतात, पण त्या शब्दांमागचा श्वास ऐकू येत नाही.

हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संग्रहातून वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. एवढं मोठं काम आपल्या हातून होणार नाही. पण सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात निम्म्याहून कमी नाही एवढा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा, असं म्हटलं आहे. तो सहभाग म्हणजे अशाच आजी, अशाच मागच्या खोल्या आणि असेच डबे. म्हणून डबा नीट चालवता येणं हे आपलंच काम आहे.

जाता जाता, भिंतीवर चिकटवायला म्हणून आमची यादी देतो. बाई येण्याच्या आधी अर्धा तास आपल्यातल्याच एकीला बसवून ही पाहून घ्या, पाहुणीला ताटकळत ठेवू नका.

१. पंखा, फ्रिज बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत.
२. माइकचं तोंड बाईकडे, अंतर चार बोटं ते एक वीत.
३. वायरीला दोन्हीकडे तीन पिना.
४. कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्टचा दिवा चालू.
५. पॅड आणि इन्स्ट बंद. गेन त्याच भोकाचा, ज्यात माइक आहे.
६. लॅपटॉपमध्ये डब्याचं नाव निवडलेलं. मोनो, आणि असेल तर २४ बिट.
७. खरवडून खात्री. लॅपटॉपनं ऐकू नये, माइकनं ऐकावं.
८. मोठ्या शब्दाला मीटर उणे १२ ते उणे ६.
९. एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोननं ऐकणं. मगच बाईला बोलावणं.

हे सगळं होऊनही आवाज कमी वाटला, तर बाईला काही सांगू नका. आपणच माइक घेऊन दोन बोटं पुढे सरका.